लोटस एलिस: ११८ बीएचपी की १८९?

एलिस ही लोटस या ब्रिटिश कंपनीची स्पोर्ट्स कार. १९९६ साली आलेल्या तिच्या पहिल्या पिढीत रोव्हरचं १.८ लिटरचं के-सिरीज इंजिन होतं. ताकद ११८ बीएचपी आणि गाडीचं वजन जेमतेम ७२५ किलो. २००४च्या एलिस १११आर या मॉडेलमध्ये टोयोटाचं १.८ लिटरचंच इंजिन आलं आणि ताकद १८९ बीएचपीवर पोचली, पण वजनही ८६० किलोच्या आसपास गेलं. टनामागे बीएचपीचा हिशेब केला तर साधारण १६३ विरुद्ध २२०. सरळ रस्त्यावर वादच नाही.

वळणांवर मात्र मला जुनीच गाडी आवडते. इंजिन दोन्हींत चालकाच्या मागे, पॉवर स्टिअरिंग दोन्हींत नाही. पण ब्रेक लावताना, दिशा बदलताना टायरला शंभरावर किलो कमी आवरायचे असतात आणि हा फरक प्रत्येक वळणावर जाणवतो. शिवाय टोयोटाच्या इंजिनाचा खरा जोर सुमारे ६,२०० आरपीएमनंतर, कॅम (इंजिनाच्या झडपा उघडणारा भाग) बदलल्यावर येतो. अरुंद, नागमोडी रस्त्यावर तिथवर पोचेपर्यंत पुढचं वळण येतं. रोव्हरचं इंजिन मधल्या आरपीएमलाच मनापासून खेचतं.

ट्रॅकवर नेणार असाल तर १११आर घ्या. तिथे आरपीएम चढते ठेवता येतात आणि सहा गिअर, एबीएस कामी येतात.

जुनी घेताना हेड गॅस्केटची (इंजिन ब्लॉक आणि हेडमधल्या सीलची) तपासणी आधी करा. के-सिरीजचं हे दुखणं सर्वश्रुत आहे. गॅस्केट बदलल्याची बिलं असलेल्या गाडीला चार पैसे जास्त द्यायला हरकत नाही.