'वऱ्हाडे'चं 'वर्हाडे' करणारी निकालाची प्रणाली: वर्षभर वापरल्यावर

1 मे ला निकाल वाटला आणि त्याच आठवड्यात आमच्या शाळेने वर्षभर वापरलेल्या निकालाच्या सॉफ्टवेअरच्या कंपनीचा मेसेज आला, नूतनीकरण करा. विद्यार्थ्यामागे वर्षाला 40 रुपये. हे पैसे आम्ही भरणार नाही. आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या बऱ्याच शाळा हीच प्रणाली घ्यायच्या विचारात आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

चांगलं आधी. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन 2010 साली आलं तेव्हापासून आकारिक (सत्रभर चालणाऱ्या) आणि संकलित (सत्राच्या शेवटी होणाऱ्या) मूल्यमापनाचा भार वर्गागणिक वेगळा आहे: पहिली-दुसरीला 70:30, तिसरी-चौथीला 60:40, पाचवी-सहावीला 50:50, सातवी-आठवीला 40:60. दुसऱ्या एका कंपनीच्या डेमोत सगळ्या वर्गांना सरसकट 50:50 लावलं होतं, तिथेच आम्ही ती बाजूला केली. इथे हे पहिल्यापासून बरोबर होतं. अ-1 पासून इ-2 पर्यंतच्या श्रेणी आपोआप लागतात. वर्णनात्मक नोंदींची यादी तयार मिळते आणि मुलगी असेल तर 'वाचतो'चं 'वाचते' आपोआप होतं. पाचवी-आठवीच्या वार्षिक परीक्षेचं पान वेगळं आहे. लाईन गेली तरी मोबाइलवर गुण भरता येतात, रेंज आली की वर चढतात. दिवाळीपर्यंत माझं मत पक्कं होतं की पैसे वसूल झाले.

पहिल्या सत्राची प्रगतीपत्रकं छापली आणि सगळं फिरलं. आमच्या गावात वऱ्हाडे आडनावाची बरीच घरं आहेत. काही मुलांच्या पत्रकावर 'वऱ्हाडे', तर काहींच्या पत्रकावर 'वर्हाडे'. एका घरातल्या दोन भावांची आडनावं वेगळी छापून आली. त्यांचे आजोबा शाळेत आले आणि म्हणाले, "सर, हे आमचं आडनाव नाही जी." त्यांचं बरोबर होतं. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये जे नाव असतं तेच शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जातं आणि पुढे जातीच्या दाखल्याला, पडताळणीला तोच कागद लागतो. एका अक्षराच्या फरकापायी लोकांना तालुक्याला चकरा माराव्या लागतात, मजुरी बुडवून.

कंपनीच्या सेवा केंद्राचं उत्तर आलं, तुमच्या कॉम्प्युटरमधला फाँट बिघडला आहे. हे चूक आहे. पीडीएफ त्यांच्या सर्व्हरवर तयार होते, आमच्या मशीनचा तिच्याशी संबंधच नाही. माझ्या मोबाइलवर उघडली तरी तीच चूक दिसत होती. मग मीच शोध घेतला. ऱ्ह टाइप करायच्या दोन पद्धती आहेत. एकीत ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरतात. दुसरीत साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह येतं. माहिती सेव्ह करताना ही प्रणाली न दिसणारी चिन्हं काढून टाकते, त्यामुळे दुसऱ्या पद्धतीने भरलेल्या नावांत र वर जाऊन रफार होतो. भरताना पडद्यावर नाव बरोबर दिसतं आणि सेव्ह केल्यावर बदलतं. हे सगळं लिहून पाठवलं. उत्तर आलं, "नोंद घेतली आहे." मार्चमध्येही नोंदच घेतलेली होती. शेवटी सगळी नावं पहिल्या पद्धतीने पुन्हा भरली तेव्हा निकाल नीट छापला. पैसे शाळेने भरायचे आणि दुरुस्तीही शाळेनेच करायची, हे मला मान्य नाही.

एका बाबतीत मत बदललं. आधी वाटलं होतं की माहिती बाहेर काढूच देणार नाहीत, कारण फक्त पीडीएफ मिळत होती. मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र गेल्यावर सीएसव्ही (साध्या मजकुरातल्या तक्त्याची) फाइल आली आणि ती पूर्ण आहे, एकही गुण गहाळ नाही. पण ती एक्सेलमध्ये थेट डबल क्लिक करून उघडू नका. मराठीचा कचरा दिसेल. त्याहून मोठं नुकसान सरलच्या (राज्य सरकारच्या विद्यार्थी नोंदणीच्या) आयडीचं आहे. तो 19 अंकी असतो आणि एक्सेल संख्येचे 15 च अंक धरतं, उरलेल्यांच्या जागी शून्य टाकतं. तशी फाइल सेव्ह केली की खरा आयडी गेला. लिब्रेऑफिस कॅल्क फुकट आहे आणि उघडतानाच विचारतं. तिथे यूटीएफ-8 (मराठी अक्षरं नीट दाखवणारी सांकेतिक पद्धत) निवडा आणि आयडीचा रकाना टेक्स्ट करा.

आता तीच फाइल कॅल्कमध्ये ठेवली आहे. भाराची आणि श्रेणीची सूत्रं घातली, गेल्या निकालाशी ताडून पाहिली, जुळली. वर्णनात्मक नोंदी मात्र हाताने निवडाव्या लागतात आणि त्यात वेळ जातो. मोठ्या पटाच्या शाळेला हे झेपणार नाही, त्यांना विकतचीच प्रणाली लागेल. त्यांनी डेमोला येणाऱ्या माणसासमोर वऱ्हाडे, गोऱ्हे, कऱ्हाळे ही नावं स्वतःच्या मोबाइलवरून भरावीत, सेव्ह करावीत आणि छापून मागावीत. सगळा डेटा फाइलमध्ये काढूनही तिथेच दाखवायला सांगावं. आमच्याकडे जूनच्या शेवटी शाळा सुरू होते, तोवर उन्हाळाभर वेळ आहे. कंपनीने त्याआधी ऱ्ह दुरुस्त केला तर मुख्याध्यापकांना पुन्हा विचारेन. 40 रुपयांत मात्र नाही.