वाद्य म्हणून टर्नटेबल घ्यायचाय? बेल्ट, डायरेक्ट ड्राइव्ह की जुना पेटीवाला

सांगली-मिरजेकडच्या पोरांकडून हल्ली हा प्रश्न वारंवार येतो, आणि दुकानदार बहुतेक वेळा ऐकायचं मशीन गळ्यात मारतो म्हणून लिहितोय. गाणी ऐकायची नाहीत, टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड फिरवणारं मशीन, तेच वाद्यासारखं वाजवायचंय, हे धरून चाला. अमेरिकन संगीतकार जॉन केजनं १९३९ मध्येच टेस्ट टोनच्या (यंत्रं तपासायला वापरतात त्या एकसुरी आवाजाच्या) रेकॉर्ड्स वेग बदलत वाजवून रचना केली होती, म्हणजे हे काय डीजेंनी काढलेलं खूळ नाही.

बेल्टवाला ऐकायला झकास, कारण रबरी पट्टा मोटरची थरथर रेकॉर्ड ठेवायच्या फिरत्या तबकडीपर्यंत येऊ देत नाही. पण हातानं थांबवला की पट्टा घसरतो आणि सोडल्यावर वेग धरायला वेळ लावतो. या कामाला नकोच.

डायरेक्ट ड्राइव्हमध्ये तबकडी थेट मोटरवर बसते. टेक्निक्सचा एसएल-१२००एमके२ (१९७९) ०.७ सेकंदात ३३च्या वेगाला (मिनिटाला ३३ फेरे) येतो, पिच, म्हणजे वेग आणि त्याबरोबर सूर, ८ टक्के वर-खाली होतो, खाली स्लिपमॅट (घसरती गोल चटई) टाकून रेकॉर्ड हातानं धरली तरी मोटर फिरतच राहते. स्क्रॅच (रेकॉर्ड हातानं पुढं-मागं घासून काढलेला आवाज), झटके, अचूक वेळ हवी असेल तर डोळे झाकून हाच. मात्र त्यात ७८चा वेग नाही आणि खिसा चांगलाच रिकामा होतो.

आता माझा जीव जिथं अडकलाय तो जुना पेटीवाला प्लेअर, आत रबरी चाकावर फिरणारा, १६-३३-४५-७८ असे चार वेग असलेला. ब्रिटिश कलाकार फिलिप जेकनं १९९३ मध्ये डॅन्सेट नावाचे असले १८० पेटीवाले प्लेअर एकत्र वाजवले होते. रेकॉर्डवर छोटा स्टिकर लावा, सुई अडखळून त्याच खाचेत परत येते, ३३वर १.८ सेकंदांचा लूप (तोच तुकडा पुन्हा पुन्हा) मिळतो आणि १६वर टाकला की तोच साधारण ३.६ सेकंदांचा, जाड, खर्जातला, आणि चाकाची घरघर त्यात मिसळून असा आवाज येतो की महागड्या मशीनवर काढून दाखवा! यातल्या सिरॅमिक कार्ट्रिजचा (सुई बसते तो भाग) सिग्नल जोरकस असतो, त्यामुळे बऱ्याचदा सिग्नल वाढवायला वेगळा फोनो प्रीअॅम्पही लागत नाही.

हात सतत रेकॉर्डवर राहणार असेल तर डायरेक्ट, लूपचे थर चढवायचे असतील तर जुना, आणि शक्य झालं तर दोन घ्या.

फक्त घरात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ७८च्या लाखेच्या रेकॉर्ड्स असतील तर त्यांना हात लावू नका भावांनो. त्या ठिसूळ असतात आणि त्यांना जाड सुई वेगळी लागते. प्रयोगाला रद्दीतल्या ओरखडलेल्या एलपी घ्या.