कोकणातल्या कच्च्या वाटांसाठी सामान कुठे ठेवावे: टपावर की डिकीत?

हरिहरेश्वरहून निघून बागमांडला–वेश्वी फेरीबोटीने खाडी ओलांडायची, वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णे अशी गावे घेत दाभोळला यायचे, तिथून पुन्हा फेरीबोटीने धोपावे येथे उतरून गुहागर गाठायचे आणि जमेल तिथे डांबरी सोडून सड्यावरच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावरच्या, गाडीवाटांनी जायचे, असा चार दिवसांचा बेत जिम्नी किंवा थारसारख्या गाडीतून करणाऱ्यांना पहिला प्रश्न पडतो तो सामानाचा. टपावर कॅरियर बसवून घ्यावा की सारे सामान आतच रचावे? बहुतेक जण जागा किती लागेल यावरून हा निर्णय घेतात. माझ्या मते तो सामानाच्या वजनावरून आणि कोणती वस्तू वाटेत किती वेळा काढावी लागेल यावरून घ्यायला हवा.

कॅरियरच्या बाजूने मोठी गोष्ट म्हणजे अर्थातच जागा. पाच दारांच्या जिम्नीत मागची सीट उभी असताना डिकी 208 लिटरची असते आणि सीट पाडल्यावर ती 332 लिटरची होते. म्हणजे चौघे निघाले तर आत दोन-तीन पिशव्यांपलीकडे फारसे काही मावत नाही. चिखलाने भरलेले बूट, ओली ताडपत्री, तंबू अशा वस्तू टपावर गेल्या की आतली हवाही बरी राहते, आणि किनाऱ्यावरच्या दमट हवेत याचे महत्त्व दुसऱ्याच दिवशी कळते. मात्र टपावर चढवलेला प्रत्येक किलो गाडीचा गुरुत्वमध्य वर नेतो. सरळ रस्त्यावर हे फारसे जाणवत नाही, पण पावसाने एका बाजूने खचलेल्या वाटेवर गाडी कलते तेव्हा टपावरचा वीस लिटरचा पाण्याचा कॅन, म्हणजे वीस किलो वजन, तिला नेमके नको त्या बाजूला ओढतो. टपावर किती भार चालतो ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते आणि त्या आकड्यातून कॅरियरचे स्वतःचे वजनही वजा करावे लागते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. शिवाय कोकणातल्या वाड्यांमधून जाणारे रस्ते दोन्ही बाजूंच्या गडग्यांमुळे (दगडी कुंपणांमुळे) इतके अरुंद असतात की वर झुकलेली काजूची किंवा फणसाची फांदी आणि आडवी गेलेली तार चुकवायला बाजूला सरकण्याची सोयच नसते. निघण्यापूर्वी सामानासह गाडीची उंची मोजून तो आकडा चालकासमोर चिकटवून ठेवावा.

डिकीतले सामान खाली, कुलपात आणि कोरडे राहते. येथे धोका आहे तो न बांधलेल्या वस्तूंचा. ताशी 50 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी आदळून अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली, तर सुट्या वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारे वीसपट जोर येतो. पंधरा किलोची हत्यारांची पेटी त्या क्षणी तीनशे किलोच्या ओझ्यासारखी पुढच्या माणसाच्या पाठीवर येईल. म्हणून जड वस्तू मागच्या सीटला टेकवून, तळाशी आणि कड्यांना पट्ट्याने जखडूनच ठेवावी, आणि रचाई सीटच्या पाठीपेक्षा उंच नसावी. दुसरी अडचण दाराची आहे. जिम्नीचे मागचे दार बाजूला उघडते, त्यामुळे फेरीबोटीत गाड्या एकामागे एक खेटून लागल्या किंवा गाडीची मागची बाजू बांधाला टेकून रुतली की डिकी उघडता येत नाही.

सामान कशात भरावे, याबाबत माझे मत आंब्याच्या प्लॅस्टिक क्रेटच्या बाजूने आहे. तो हलका असतो, एकावर एक नीट बसतो, चारही बाजूंना भोके असल्यामुळे पट्टा कुठूनही ओवता येतो आणि आत आलेले पाणी साचून राहत नाही. झाकणाची बंद पेटी शिधा आणि विजेच्या उपकरणांसाठी अधिक चांगली, कारण ती धूळ रोखते. परंतु ओले कपडे तिच्यात एक रात्र राहिले तरी कुबट होतात. मऊ पिशवी कानाकोपऱ्यात बसते, म्हणून कपड्यांसाठी तीच योग्य.

बांधण्याच्या साधनांतला फरक मी पहिल्याच प्रवासात अनुभवला. आम्ही टपावरचे सामान नायलॉनच्या दोरीने आवळून बांधले होते आणि वाटेत सर लागून गेल्यावर, संध्याकाळपर्यंत सगळे एका अंगाला सरकले होते. नायलॉन भिजला की ताणतो. पॉलिएस्टरचा रॅचेट पट्टा (दातेरी खटक्याने आवळायचा पट्टा) त्या मानाने फारच कमी ताणतो. हुकांची रबरी दोरी केवळ ताडपत्री फडफडू नये एवढ्यासाठी वापरावी, वजन तिच्या भरवशावर सोडू नये. रॅचेटला खाऱ्या हवेने गंज चढतो, म्हणून घरी परतल्यावर तो गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून, तेलाचा हात फिरवून ठेवावा.

गाडी रुतल्यावर लागणाऱ्या वस्तू मात्र टपावर नकोत आणि डिकीच्या तळाशीही नकोत. टो-स्ट्रॅप (गाडी ओढून काढायचा पट्टा), तो गाडीला अडकवायच्या दोन डी-शॅकल कड्या, खोरे, कॉम्प्रेसर आणि हवेचा दाब मोजायचा गेज बाजूच्या दारातून हाताला लागतील असे ठेवावेत, तेही बांधून. जॅकखाली घालायला जाड लाकडी फळी अवश्य घ्यावी, कारण भिजलेल्या तांबड्या मातीत जॅक वर उचलण्याऐवजी स्वतःच खाली जातो. वाळूवर गाडी चालवण्याची तयारी म्हणून वेगळे काही घेऊ नये. वेळास-आंजर्ल्याच्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, भरतीचे पाणी रुतलेल्या गाडीला फार वेळ देत नाही, आणि त्या वाळूत गाडी घालूच नये असे मला मनापासून वाटते.

दोघेच असाल तर सीट पाडा, चार क्रेट मांडा आणि कॅरियरचा खर्च टाळा. चौघे असाल तर कॅरियर घ्या, पण त्यावर तंबू, ताडपत्री, अंथरूण-पांघरूण आणि कपडेच चढवा. पाणी, हत्यारे आणि शिधा आतच राहू द्या. कोणताही पर्याय घेतला तरी पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरनंतर थांबून सगळे पट्टे पुन्हा ओढून पाहा, कारण हादऱ्यांनी सामान बसते आणि सकाळी घट्ट वाटलेला पट्टा तोवर सैल झालेला असतो.