लाइनची फिरती पाळी की टूलरूमची जनरल?

चाकण-भोसरी पट्ट्यात आयटीआय करून दोन-तीन वर्षं मशीनवर काढली की पुढची नोकरी शोधताना बहुधा याच दोन जागा समोर येतात. एक, मोठ्या कंपनीची किंवा तिला पार्ट पुरवणाऱ्या व्हेंडरची प्रॉडक्शन लाइन, तीन पाळ्यांची. दुसरी, दहा-वीस माणसांची टूलरूम, म्हणजे डाय आणि तिचे भाग बनवणारं छोटं वर्कशॉप, जनरल शिफ्टची, म्हणजे रोज दिवसाच्या एकाच वेळेची. मी दोन्हीकडे काम केलंय. सध्या टूलरूममध्ये आहे.

पैशाचं म्हणाल तर लाइन उजवी, त्यात वाद नको. बस, कॅन्टीन, रात्रपाळीचा भत्ता, पगार तारखेला. ओव्हरटाइमला दुप्पट दर तर 1948 च्या कारखाना कायद्यापासूनच आहे. टूलरूममध्ये हे सगळं विचारून घ्यावं लागतं. वीसपेक्षा कमी कामगार असतील तर पीएफ सहसा बंधनकारक नसतो, त्यामुळे तो कापतात का हे पहिल्याच भेटीत विचारा. भोसरीत अनेक वर्कशॉप गुरुवारी बंद असतात. मुलांची शाळा रविवारी बंद, तुमची सुट्टी गुरुवारी, हेही घरी आधी बोलून ठेवलेलं बरं.

माझा निर्णय मात्र रिलिव्हरवर, म्हणजे पुढच्या पाळीला मशीन ताब्यात घेणाऱ्या माणसावर झाला. पाळी दर आठवड्याला फिरते, त्याची शरीराला कशीबशी सवय होते. पण पाळी संपल्यावर पुढचा माणूस आलाच नाही तर मशीन सोडून निघता येत नाही. सुपरवायझर म्हणतो, "जरा थांब, बघतो," आणि त्या थांबण्यातच अर्धी पाळी जाते. ओव्हरटाइम मिळतो, नाही असं नाही. पण मी तेव्हा संध्याकाळी मास्टरकॅमचा, म्हणजे मशीनचे प्रोग्रॅम बनवायच्या सॉफ्टवेअरचा क्लास लावला होता. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात तो बुडायचाच, आणि पहिल्या पाळीच्या आठवड्यातही घरून निघताना आज क्लासला पोचेन असं छातीठोकपणे सांगता येत नसे. फी भरलेली, पुढचे धडे अर्धवट. कुणाला दुखण्यात सोबत जायचं असलं, तरी "बघतो" हेच उत्तर. त्या "बघतो"चा मला फार त्रास झाला.

आणि लाइनवर शिकायचं ते तिथल्या तिथे शिकावं, तर कामच एकसुरी. पार्ट लावा, सायकल स्टार्ट, गेज लावून बघा, ऑफसेटमध्ये, म्हणजे मशीनवरच्या मापाच्या दुरुस्तीत, दोन-चार मायक्रॉन द्या. प्रोग्रॅमला हात लावायचा तो सेटरने, म्हणजे मशीन कामासाठी लावून देणाऱ्याने. मुलाखतीतही "तिन्ही शिफ्टला चालेल ना?" हा प्रश्न आधी, ड्रॉइंग वाचता येतं का हा नंतर. "चालेल" म्हणणाऱ्या मुलाला लगेच काम मिळतं. पण काही वर्षांनी दुसरीकडे गेल्यावर तिथला माणूस विचारतो, प्रोग्रॅम स्वतः लिहितोस का? तेव्हा तिन्ही पाळ्या केल्या होत्या हे सांगून भागत नाही.

टूलरूममध्ये रोज वेगळा जॉब. आज डायचा पंच, उद्या इन्सर्ट, परवा फिक्श्चर. कामाचं प्लॅनिंग स्वतः करायचं, ग्राइंडिंगला किती मटेरियल ठेवायचं ते ठरवायचं, तारेने धातू कापून देणाऱ्या वायरकटवाल्याशी बोलायचं. इथे उशीर होत नाही असं नाही. ग्राहकाची डाय तुटून आली की रात्र होते. पण मालक ते सकाळीच सांगतो आणि मला घरी फोन करता येतो. माझ्यासाठी एवढा फरक पुरेसा ठरला. दुसऱ्या एखाद्या टूलरूमचा मालक असा नसेलही, म्हणून तिथल्या जुन्या कामगाराला गेटबाहेर गाठून विचारा.

घरकर्जाचा हप्ता चालू असेल, गावी दरमहा पैसे पाठवायचे असतील, तर लाइन चुकीची आहे असं मी म्हणणार नाही. फक्त अशा वेळी क्लास संध्याकाळचा न लावता सुट्टीच्या दिवसाचा लावा, आणि रुजू होतानाच सेटरच्या हाताखाली काम मागा.