नववीच्या वर्गासाठी विकी : गूगल डॉक, विकिपीडिया की शाळेचा स्वतःचा?

विकी म्हणजे अनेकांनी मिळून लिहायची, लिंकांनी एकमेकांना जोडलेली पानं. आमची शाळा परळची. गेल्या वर्षी नववीला ‘आपलं गिरणगाव’ हा प्रकल्प दिला, तेव्हा या तीनही वाटा चाचपून झाल्या. तुम्ही यंदा ठरवत असाल तर आधी एवढंच बघा : मुलं मजकूर कुठून आणणार, पुस्तकातून की आजीकडून? निम्मा निर्णय तिथेच होतो.

गूगल डॉक सगळ्यात सोपा. व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक टाकली की मुलं आत. एका वेळी १०० जणांना लिहिता येतं, त्यामुळे आपले भरगच्च वर्गही मावतात. आम्ही लिंक सगळ्यांना खुली ठेवायची चूक केली. लॉगिन न करता शिरलेल्यांची नावंच दिसेनात, नुसते प्राणी दिसायला लागले. त्यातल्या एका प्राण्याने अख्खा परिच्छेद उडवला आणि वर्गात कुणी कबूल होईना. (परिच्छेद जुन्या आवृत्तीतून परत आणला, प्राणी अजून फरार आहे.) शिवाय एकच लांबलचक डॉक म्हणजे विकी नव्हे. विकीत ‘खाणावळ’ शब्दावर क्लिक केलं की खाणावळीचं पान उघडतं, आणि पान नसेल तर लिंक लाल दिसते. ती लाल लिंक बघून एखादं पोर आपणहून लिहायला बसतं, ही खरी गंमत. पण काम आठवड्याभराचं असेल तर डॉकच घ्या.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून सुरू आहे. आपलं वाक्य कुणीही वाचणार म्हटल्यावर मुलं ऱ्हस्व-दीर्घ स्वतःहून तपासतात, हे मी बघितलंय. इंग्रजी कीबोर्डवर उच्चाराप्रमाणे टाइप करून देवनागरी उमटवायची सोय तिथेच आहे. अडचण पहिल्याच तासाला येते : एका आयपी पत्त्यावरून (म्हणजे इंटरनेटवर जोडणी ओळखणाऱ्या क्रमांकावरून) दिवसाला सहाच नवीन खाती उघडता येतात. लॅबमधल्या सगळ्या संगणकांचा पत्ता बाहेरून एकच, म्हणजे सातवा मुलगा बसला हात चोळत.

दुसरी अडचण मोठी. गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, याला छापील संदर्भ मिळतो. पण खाणावळीतल्या मावशींनी संपात उधारीवर कसं जेवू घातलं, हे एका मुलीने आजीला विचारून दोन पानं लिहून आणलं. त्याला संदर्भ कुठला देणार? विकिपीडियाला असं प्रथमच लिहिलेलं चालत नाही, आणि ते बरोबरच आहे. पुस्तकातून जसंच्या तसं उतरवलेलंही उडतं. सरावाला ‘धूळपाटी’ आहे, तिथे खुशाल गिरवू द्या.

म्हणून माझं मत शाळेच्या स्वतःच्या विकीला. तो चालवायची सॉफ्टवेअरं म्हणजे मीडियाविकी आणि डोकुविकी. मीडियाविकीला डेटाबेस लागतो. डोकुविकी पानं साध्या मजकुराच्या फाइलींत ठेवतो. लॅबमधल्या एका संगणकावर बसवला की बाकीचे त्याच नेटवर्कवरून उघडतात, इंटरनेट गेलं तरी अडत नाही. बॅकअप म्हणजे फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करणं. गुण देताना दोन आवृत्त्या शेजारी ठेवायच्या : कोणी काय घातलं, काय खोडलं, सगळं समोर. दुसऱ्याचं वाक्य न दुखावता कसं सुधारायचं, हे मुलांना मी इथेच शिकवू शकलो.

खोटही आहे. एक मूल पान संपादत असताना ते इतरांना बंद होतं, आणि ब्राउझर तसाच मिटला तर कुलूप १५ मिनिटं राहतं. तास आमचा ३५ मिनिटांचा! टायपिंगची व्यवस्था तुम्हालाच लावावी लागते. आणि बसवणारे सर बदलून गेले तर विकी पोरका होतो. तरी बाहेरच्या फुकट सेवेवर विसंबू नका; शिक्षकांमध्ये लोकप्रिय असलेली विकीस्पेसेस २०१८ मध्ये वर्गांसाठी बंद झाली.

यंदा आज्यांच्या गोष्टी शाळेच्या विकीतच राहतील. ज्या चार ओळींना पुस्तकाचा आधार मिळेल तेवढ्याच विकिपीडियावर जातील. खाती मात्र दिवाळीच्या सुट्टीआधीपासून, रोज सहा-सहा करून उघडायला घेतली आहेत.