फुलस्केपला ए-फोरची काच पुरत नाही: ठाणे स्टेशनजवळच्या स्कॅनिंग सेवेचा आढावा

ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला गोखले रोड, नौपाड्याकडच्या झेरॉक्सच्या बहुतेक दुकानांत स्कॅनिंग करून मिळतं. आधार, पॅन, भाडेकरारासाठी ते झकास आहे. तरुणपणच्या चळवळीचे कागद, म्हणजे आणीबाणीतली सायक्लोस्टाइल (स्टेन्सिलवरून प्रती काढलेली) पत्रकं, तुरुंगातून आलेली इनलँड पत्रं, जानेवारी 1984च्या उरणजवळच्या दास्तान फाट्याच्या शेतकरी आंदोलनाची हँडबिलं न्यायची असतील, तर मात्र काउंटरवर उभं राहूनच काम करून घ्यावं.

पहिला घोळ मापाचा. सायक्लोस्टाइल पत्रकं बहुधा फुलस्केपवर निघायची, साधारण साडेआठ बाय साडेतेरा इंच. ए-फोर स्कॅनरची काच पावणेबारा इंचांच्या आसपास संपते, म्हणजे जवळजवळ दोन इंच कागद बाहेर राहतो. छापील पत्रकावर मुद्रकाचं नाव आणि ठिकाण बहुतेक वेळा याच तळाच्या पट्टीत असतं. 1867च्या छापखाने आणि पुस्तक नोंदणी कायद्याने ते देणं बंधनकारक होतं, आणि भूमिगत पत्रकं अर्थातच ते देत नसत. त्यामुळे पत्रक उजळ माथ्याने निघालं की चोरून, याचा पहिला अंदाज तळाशीच येतो. ए-थ्री काच आहे का, हे आधी फोनवर विचारा.

गठ्ठा वरच्या, कागद आपोआप ओढणाऱ्या फीडरमध्ये घालू देऊ नका. स्वस्त कागद स्वतःच्याच आम्लाने ठिसूळ होतो आणि रोलर नेमका घडीवर त्याला फाडतो. गंजलेल्या पिना घरूनच काढून न्या: मागचे पाय पातळ सुरीने सरळ करायचे, मग पुढून उचलायची. सेलोटेप मात्र ओढू नका, तिच्याबरोबर शाई निघून येते.

खरं नुकसान होतं ते ‘एकदम क्लीन करून देतो’ या आपुलकीच्या वाक्याने. ब्लॅक अँड व्हाइट मोड पिवळेपणा घालवतो, पण समासात पेन्सिलने लिहिलेली सभेची वेळ, फिका कार्बन, सेन्सॉरचा जांभळा शिक्का हेही त्यातच जातं. रंगीत, 300 डीपीआय (इंचाला 300 ठिपके) सांगा. कार्बन कॉपी आणि फोटोंना 600. पातळ कागदामागे काळा कार्ड ठेवला की पाठची अक्षरं कमी उमटतात. रंगीत टिफमध्ये (न दाबलेल्या चित्र-फाइलमध्ये) 300ला एक फुलस्केप पान सुमारे 30 एमबी भरतं, 600ला चौपट. फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून घेतली तर ती दाबली जाते, तेव्हा पेन ड्राइव्ह न्या. नावं जागेवरच द्या, आधी वर्ष, मग गाव. ‘स्कॅन0047’ मधून पुढे काही शोधता येत नाही.

लॅमिनेशनचा आग्रह होईल, ठाम नाही म्हणा. ते पुन्हा सुटत नाही. ऐन पावसाळ्यातही जाऊ नका, दमट कागद काचेला चिकटतो. जुन्या पत्रांत इतरांची नावं-पत्ते असतात आणि स्कॅनचं फोल्डर दुकानाच्या डेस्कटॉपवर तसंच पडून राहतं. ते डिलीट करायला लावा, रिसायकल बिनही रिकामा करून घ्या आणि मगच पैसे द्या.