‘लेडी इन रेड’ साल्व्हियाचे बी : हमिंगबर्डसाठी घेतलेल्या पाकिटाचा अनुभव

मध्य न्यू जर्सीतल्या आमच्या घरामागे हमिंगबर्ड यावेत, म्हणून मी दोन वर्षे नर्सरीतून साल्व्हिया स्प्लेंडेन्सची वीतभर उंचीची, फुललेली तयार रोपे आणत होते. वाफा लालभडक दिसे, पण पक्षी क्षणभर थबकून पुढे निघून जात. म्हणून यंदा साल्व्हियाच्याच दुसऱ्या जातीच्या, साल्व्हिया कॉक्सिनियाच्या, ‘लेडी इन रेड’ या वाणाचे बी मागवले. या वाणाला १९९२ साली बागेतल्या नव्या वाणांची चाचणी घेणाऱ्या ‘ऑल-अमेरिका सिलेक्शन्स’ या संस्थेचा पुरस्कार मिळालेला आहे, आणि आता तो सार्थ होता असे मी खात्रीने म्हणू शकते.

पाकिटावरची सूचना मात्र सुधारायला हवी. बी पाव इंच मातीखाली पेरावे असे तीत छापले होते. पहिल्या ट्रेमध्ये मी ते तंतोतंत पाळले आणि तीन आठवड्यांत मोजकेच कोंब वर आले. दुसऱ्या ट्रेमध्ये बी ओल्या मातीवर नुसते पसरून बोटाने अलगद दाबले आणि वरून पाण्याचा फवारा मारला. थोड्याच वेळात दाण्यांभोवती सब्जासारखा बुळबुळीत थर धरला. साल्व्हिया तुळशीच्याच कुळातला, हे तेव्हा डोळ्यांनी पटले. साधारण २१ अंश सेल्सिअस उबेत दहाव्या दिवसापासून ट्रे हिरवा होऊ लागला. पानांची तिसरी जोडी आल्यावर शेंडे खुडले, आठवडाभर रोपांना बाहेरच्या हवेची सवय केली आणि दहिवराची भीती सरल्यावर, मेच्या उत्तरार्धात, फूटभर अंतराने ती वाफ्यात लावली.

जूनअखेर तुरे आले आणि जुलैत ज्याची वाट पाहत होते ते घडले. अमेरिकेच्या पूर्व भागात वीण करणारा रुबी-थ्रोटेड हा एकमेव हमिंगबर्ड, वजनाने जेमतेम ३ ग्रॅम. आपला शिंजीर बहुधा फुलाशेजारच्या काडीवर बसून मध पितो. हा मात्र हवेतच स्थिर राहून तुऱ्यातल्या एकेका फुलात चोच घालत जातो. फुलाच्या नळीबाहेर डोकावणारे पुंकेसर त्याच्या कपाळाला घासतात, त्यामुळे तिथे परागाचा पिवळसर ठिपका उमटतो. मी हातभर अंतरावर उभी होते, तरी त्याने काम थांबवले नाही. साखरपाण्याचा फीडर उन्हाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी धुवावा लागतो, नाहीतर ते पाणी पक्ष्यांना अपाय करते. फुलांपाशी ती काळजी राहत नाही.

एक उणीव स्पष्ट सांगायला हवी. हे पक्षी इकडे एप्रिलअखेरीस येऊ लागतात, तर मार्चच्या मध्यावर घरात पेरलेले हे बी त्यांच्या स्वागताला फुलत नाही. तो काळ भरून काढायचा तर वसंतात फुलणारी, इथली मूळची लाल कोलंबाइन सोबत लावावी. मात्र सप्टेंबरमध्ये, मध्य अमेरिकेच्या प्रवासापूर्वी अंगावर चरबी साठवण्याची त्यांची घाई चाललेली असते, तेव्हा ‘लेडी इन रेड’ भरात असते, आणि माझ्या लेखी तिचे खरे मोल तिथेच आहे. फुलदाणीसाठी ती घेऊ नये. पाकळ्या हात लागताच गळतात.

पुढच्या वर्षी नवे पाकीट घ्यावे लागेल असेही नाही. तुरा खालून तपकिरी होऊ लागला की त्यावर कागदी पिशवी बांधावी. पाकळ्या गळल्यावर मागे उरणाऱ्या एकेका हिरव्या पेल्यात चारपर्यंत दाणे असतात, आणि आपल्याला उशीर झाला तर ते टिपायला गोल्डफिंच हे दाणे खाणारे छोटे पक्षी आधी पोचलेले असतात.